परवान्याची निवड वापरकर्त्याच्या हाती द्या : डेबियनच्या विकासकांना कोल्हापुरातून खुले पत्र

प्रति,
डेबियन प्रकल्पाचे सर्व सदस्य, आणि त्यांतही पॅकेजचे भांडार व ॲप्ट सांभाळणारी मंडळी

सप्रेम नमस्कार.

शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत संगणकांची देखभाल करणे ही माझी नोकरी आहे, आणि संध्याकाळी राजारामपुरीतील एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी ठेवलेले अकरा जुने संगणक चालते ठेवणे हे मी आपण होऊन अंगावर घेतलेले काम आहे. दोन्ही ठिकाणी गेली अनेक वर्षे डेबियन, म्हणजे स्वयंसेवकांनी घडवलेली लिनक्स संगणकप्रणाली आहे आणि ती बदलण्याचा माझा विचार नाही. हे आधीच सांगून टाकले, म्हणजे पुढचे लिहिणे घरच्या माणसाचे आहे हे आपल्या लक्षात राहील.

माझी मागणी थोडक्यात अशी आहे. आपल्या संगणकावर कोणत्या परवान्याखालील सॉफ्टवेअर चालेल आणि कोणत्या परवान्याखालील चालणार नाही, हे वापरकर्त्याला एकदाच लिहून ठेवता यावे, आणि एखादे पॅकेज, म्हणजे बसवायला तयार असलेल्या सॉफ्टवेअरचा गठ्ठा, उतरवून घेण्याआधी तो बसवणाऱ्या ॲप्ट या साधनाने ते लिहिलेले पाहून मगच पुढे जावे. आज ॲप्टला हे करता येत नाही, कारण पॅकेजचा परवाना कोणता आहे हे ॲप्टला मुळात ठाऊकच नसते.

आपल्या प्रकल्पाने जुलै १९९७ मध्ये सामाजिक करार स्वीकारला आणि त्यासोबतच्या मार्गदर्शक तत्त्वांनी मुक्त सॉफ्टवेअर (ज्याचे मूळ लिखाण, म्हणजे स्रोत, कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो असे) कशाला म्हणावे याची रेषा आखली. पुढे १९९८ मध्ये मुक्त स्रोताची जी व्याख्या जगभर रूढ झाली ती याच तत्त्वांवरून घेतलेली आहे. रेषेच्या आत असलेले सारे 'मेन' या विभागात आणि बाहेरचे 'नॉन-फ्री'मध्ये, ही विभागणी तेव्हापासून चालत आली आहे. या रेषेबद्दल माझी तक्रार नाही. उलट, परवान्याचे कागद वाचण्याचा कंटाळा असलेल्या आमच्यासारख्यांच्या वतीने कोणीतरी ते ओळ न् ओळ वाचले आहेत, या विश्वासावरच मी 'मेन'मधले काहीही डोळे झाकून बसवतो. अडचण येते ती रेषेच्या पलीकडे गेल्यावर, आणि थोडीफार अलीकडेही.

पलीकडचे आधी पाहू. 'नॉन-फ्री' या एकाच विभागात काय काय शेजारी शेजारी बसले आहे ते पाहिले की आश्चर्य वाटते. तेथे ग्राफिक्स कार्ड चालवणारा एनव्हिडियाचा बंदिस्त ड्रायव्हर आहे, ज्याच्या मुख्य भागाचा स्रोत बाहेर कोणालाच पाहायला मिळत नाही. तेथे रार पद्धतीने दाबलेल्या फाइली उलगडणारे अनरार आहे. त्याचा स्रोत उघडा आहे, पण त्यावरून रारची दाबून साठवण्याची पद्धत पुन्हा तयार करायची नाही, अशी अट आहे. तेथे ट्रँगल नावाचे एक जुने आणि उत्तम सॉफ्टवेअर आहे, जे एखाद्या आकृतीचे त्रिकोणी जाळे करून देते. खाजगी, संशोधनाच्या आणि संस्थेच्या वापराला ते मोकळे आहे, परंतु एखाद्या व्यापारी प्रणालीचा भाग म्हणून द्यायचे झाले तर लेखकाशी थेट बोलणी करावी लागतात. आणि याच विभागात ईमॅक्सची माहितीपुस्तिका आहे! मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ ज्यांनी उभी केली त्या रिचर्ड स्टॉलमन यांच्या, मजकूर लिहिण्या-बदलण्याच्या सॉफ्टवेअरची ही पुस्तिका, तिच्यातील काही भाग बदलता येणार नाहीत अशी अट परवान्यात असल्यामुळे, २००६ च्या आपल्या मतदानानुसार एनव्हिडियाच्या पंगतीला जाऊन बसली. नियमाप्रमाणे ते बरोबरच आहे. पण मला ती पुस्तिका हवी आहे आणि तो ड्रायव्हर नको आहे, हे ॲप्टला सांगायचे झाले तर माझ्याजवळ शब्द नाही. विभाग उघडला की चौघेही आत येतात, आणि बंद केला की चौघेही बाहेर राहतात.

यावर कोणी म्हणेल की पिनिंगची सोय आहे, तिने हवी ती पॅकेजे नावानिशी रोखता येतात. येतात, आणि मी तसे करूनही पाहिले आहे. परंतु नावानिशी रोखण्यासाठी आधी प्रत्येक नावामागची अट मला माहीत असली पाहिजे, आणि उद्या नवे पॅकेज आले की यादी पुन्हा लिहिली पाहिजे. माझा आक्षेप नावाला नसतो, अटीला असतो; मग मला अटच लिहिता आली पाहिजे. बसवलेल्या संगणकावर मुक्त नसलेले काय आहे ते दाखवणारी एक आज्ञाही आपण दिली आहे, जिचे जुने नाव स्टॉलमन यांच्यावरून गमतीने ठेवलेले होते. तीही घडून गेल्यावर सांगते, घडण्याआधी नाही.

आमच्या धंद्यातले एक उदाहरण देतो. आमच्याकडून ग्राहकाकडे कास्टिंग जाते तेव्हा चलनासोबत टेस्ट सर्टिफिकेट जाते. त्यावर हीट नंबर, म्हणजे वितळवलेल्या धातूच्या त्या घाण्याचा क्रमांक असतो, आणि त्या हीटमध्ये कार्बन किती, सिलिकॉन किती, मँगनीज, गंधक, फॉस्फरस किती याचे आकडे असतात. ग्राहकाच्या दारात गाडी उभी राहिली की त्यांचा क्वालिटीचा माणूस पहिल्यांदा तो कागद मागतो, आकडे आपल्या तक्त्याशी ताडून पाहतो आणि मगच गाडी खाली होते. एखादा आकडा तक्त्याबाहेर असेल तर माल कितीही देखणा असो, तो जसाच्या तसा शिरोलीला परत येतो. डेबियनच्या पॅकेजमध्येही असे सर्टिफिकेट असते, आणि ते आमच्यापेक्षा अधिक काळजीने केलेले असते; फक्त ते पेटीच्या तळाशी ठेवलेले असते. पॅकेज बसले की 'डॉक' या फोल्डरात पॅकेजच्या नावाखाली 'कॉपीराइट' नावाची फाइल येते आणि तिच्यात परवान्याची सारी हकीगत असते. मात्र ॲप्ट ज्या अनुक्रमणिकेवरून निर्णय घेते तिच्यात नाव, आवृत्ती, आकार, अवलंबित्व (त्याला लागणारी इतर पॅकेजे), विभाग, वर्णन आणि चेकसम (फाइल बिनचूक उतरल्याचा पडताळा) अशा गोष्टी असतात. परवान्याचा रकाना तेथे नाही. आपल्या संकेतस्थळावर जाऊन ही फाइल आधी वाचता येते हे मला माहीत आहे, पण ती माणसाने वाचायची आहे आणि पॅकेजे जवळजवळ सत्तर हजार आहेत.

डेबियनसारख्या इतर लिनक्स प्रणालींनी हा रकाना कधीच ठेवलेला आहे. फेडोराच्या आरपीएम पॅकेजमध्ये परवाना हे ठरलेले क्षेत्र असून, तेथे ॲप्टचे काम करणाऱ्या डीएनएफला विचारले तर ते बसवण्याआधीच सांगते. आर्चचे तसेच साधन पॅकमन, तोही सांगतो. अल्पाइनच्या अनुक्रमणिकेतही ते असते. जेन्टूने तर माहितीवर न थांबता निर्णय वापरकर्त्याच्या हाती दिला. तेथे 'ॲक्सेप्ट लायसन्स' नावाची एक ओळ असते. तिच्यात परवाने एकेक करून लिहिता येतात किंवा त्यांचे गट लिहिता येतात, जसे की मुक्त परवान्यांचा गट, केवळ पुनर्वितरणाची मुभा देणाऱ्यांचा गट, आणि करार मान्य करावा लागणाऱ्यांचा गट. एखाद्याच पॅकेजसाठी अपवाद करायचा असेल तर त्याची वेगळी फाइल आहे. पूर्वी जेन्टूची मूळ मांडणी करारवाले सोडून बाकी सारे स्वीकारणारी होती. २०१९ मध्ये त्यांनी ती उलटवली आणि मूळ मांडणीत फक्त मुक्त परवाने ठेवले, ज्याला अधिक हवे त्याने ते लिहावे. निक्सओएसही मुक्त नसलेले पॅकेज वापरकर्त्याने स्पष्ट मुभा दिल्याशिवाय बसवत नाही. जेन्टूचा वापरकर्ता बहुतेक पॅकेजे स्वतः स्रोतातून बांधून घेतो आणि डेबियनचा तयार घेतो, हा फरक मी विसरलेलो नाही. पण निवड करण्यासाठी जी माहिती लागते ती दोन्हीकडे सारखीच लागते.

आता रेषेच्या अलीकडचे. मुक्त परवान्यांमध्येही फरक असतात आणि ते काही लोकांच्या दृष्टीने महत्त्वाचे असतात. माझ्या ओळखीतला एक तरुण साखर कारखान्यांच्या वजनकाट्याला जोडायची छोटी यंत्रे तयार करतो. आत एक लहानसा बोर्ड, त्यावर डेबियन, आणि बैलगाडीचे किंवा ट्रॉलीचे वजन झाले की पावती बाहेर. तो यंत्र विकतो, म्हणजे सॉफ्टवेअरचे वितरण करतो, आणि म्हणून कोणत्या परवान्याने त्याच्यावर काय जबाबदारी येते हे त्याला नेमके माहीत असावे लागते. छपाईची पाने तयार करणारे घोस्टस्क्रिप्ट २०१३ मध्ये जीपीएल या परवान्यावरून एजीपीएल या परवान्यावर गेले. बदल केलेले एजीपीएलचे सॉफ्टवेअर जाळ्यावरून लोकांना वापरू दिले, तर त्या लोकांना बदललेला स्रोत मिळण्याची सोय करावी लागते. जीपीएलमध्ये नुसत्या वापरू देण्याने ही जबाबदारी येत नाही. दोन्ही परवाने मुक्त आहेत, दोन्हींना 'मेन'मध्ये स्थान आहे, आणि म्हणून हा बदल विभागणीत कोठेही उमटला नाही. त्या तरुणाला एजीपीएल वाईट वाटत नाही. त्याला फक्त दार उघडण्याआधी कोण आले आहे ते कळायला हवे आहे.

अशी निवड करणे गैर आहे असे आपल्याला वाटत असेल, तर माहिती साठवण्याच्या बर्कली डीबी या सॉफ्टवेअरची आठवण करून देतो. २०१३ मध्येच त्याच्या ६.० या आवृत्तीपासून त्याचा परवानाही एजीपीएल झाला. त्यावर अवलंबून असलेल्या इतक्या साऱ्या पॅकेजांवर या परवान्याचा काय परिणाम होईल याचा विचार करून आपण ५.३ या आवृत्तीवरच थांबलात. निर्णय मला पटला होता. पण तो एका मुक्त परवान्याऐवजी दुसरा मुक्त परवाना निवडण्याचाच निर्णय होता, आणि तो आपण आमच्या वतीने घेतला. जी निवड विकासकाला करावीशी वाटते ती वापरकर्त्यालाही करावीशी वाटू शकते, एवढेच माझे म्हणणे.

फर्मवेअरच्या, म्हणजे वायफायसारख्या यंत्रभागाच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत आपण एक पाऊल टाकले आहे आणि त्याचा लाभ मी स्वतः घेतला आहे. अभ्यासिकेला कोणीतरी दिलेला एक लॅपटॉप मी डेबियन ११ च्या काळात बसवायला घेतला. त्याला केबलचे सॉकेटच नव्हते आणि वायफायचा फर्मवेअर इन्स्टॉलरमध्ये नव्हता. फाइलचे नाव सांगून 'ही असलेली पेनड्राइव्ह लावा' असे पडद्यावर आले. शेवटी मोबाइल केबलने जोडून, त्याचे इंटरनेट लॅपटॉपला देऊन, रात्री साडेदहाला ते काम उरकले आणि अभ्यासिकेच्या किल्ल्या मी स्वतःकडेच ठेवून घेतल्या. ऑक्टोबर २०२२ च्या मतदानानंतर आपण सामाजिक करारात वाक्य वाढवले, 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा विभाग वेगळा काढला, आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून इन्स्टॉलर आवश्यक तो फर्मवेअर आपण होऊन शोधून बसवू लागला. पुढचा लॅपटॉप पाऊण तासात झाला. ज्यांना हे नको आहे त्यांच्यासाठी सुरुवातीलाच ते बंद करण्याची सोय आपण ठेवलीत आणि काय बसवले याची नोंदही ठेवलीत. ही सगळी रीत मला आदर्श वाटते. म्हणूनच ती एका विभागापुरती का असावी, असा प्रश्न पडतो. त्या विभागातही प्रोसेसरचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला, नंतर दुरुस्त करता येणारा आज्ञासंच) आणि वायफायचा फर्मवेअर एकत्र आहेत. २०१८ च्या जानेवारीत प्रोसेसरमधील स्पेक्टर ही सुरक्षेची त्रुटी उघडकीस आल्यापासून मायक्रोकोड नाकारणे शहाणपणाचे नाही, तर वायफायवर ज्याचे काम अडत नाही त्याने तो फर्मवेअर का घ्यावा? पण आज दोन्हींना मिळून एकच दार आहे.

संमती कशी घेऊ नये याचाही एक अनुभव सांगतो, आणि त्यात चूक माझीच होती. एका शासकीय अर्जाचा नमुना ज्या फाइलमध्ये आला होता ती एरियल आणि टाइम्स न्यू रोमन या फॉन्टांवर बेतलेली होती, आणि आमच्याकडे ती उघडली की रकाने सरकत होते. मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये वेबसाठी म्हणून दिलेले हे फॉन्ट मूळ स्वरूपातच वाटता येतात, म्हणून 'कॉन्ट्रिब'मधले (स्वतः मुक्त, पण मुक्त नसलेल्यावर अवलंबून असलेल्यांच्या विभागातले) एक पॅकेज ते बाहेरून उतरवून आपल्याकडे उलगडते. मी घाईत होतो. मदतीला असलेल्या एका मुलाला पासवर्ड देऊन ते पॅकेज बसवायला सांगितले आणि फाउंड्रीतून आलेल्या फोनवर बोलायला बाहेर गेलो. परत आलो तर तो म्हणाला, "सर, हे निळं काय आलंय? ओके दाबतोय तर पुढंच जाईना." टर्मिनलमध्ये निळ्या पडद्यावर कराराचा इंग्रजी मजकूर होता, आणि टॅब दाबल्याशिवाय 'ओके'वर जाता येत नाही हे त्याला माहीत नव्हते. मी टॅब दाबले, ओके दाबले, पुढच्या पडद्यावर 'होय' निवडले. दहा सेकंदांत एका संस्थेच्या संगणकावर, त्या संस्थेला न विचारता, एक करार मान्य झाला. करार त्याने वाचला नव्हता आणि मीही वाचला नाही. ज्याचे बोट कळीवर आहे तो संमती देणारा आणि ज्याच्या नावावर संगणक आहे तो बेखबर, अशी ही रीत आहे. संस्थेने एकदा बसून ठरवावे, तिच्या वतीने कोणीतरी ते एका फाइलमध्ये लिहावे, आणि नंतर कोणीही पासवर्ड दिला तरी त्या फाइलच्या बाहेर जाता येऊ नये. माझी मागणी ऐकून 'म्हणजे प्रत्येक वेळी प्रश्न विचारायचा काय' अशी शंका ज्यांना येईल त्यांना माझे उत्तर हेच, की प्रश्न कमी व्हावेत म्हणूनच ही फाइल हवी.

याला खरी अडचण एकच आहे आणि ती मोठी आहे. एका पॅकेजच्या स्रोतात अनेक परवान्यांच्या फाइली असतात. 'कॉपीराइट' फाइल त्या स्रोताचे वर्णन करते, आणि त्यातून तयार झालेल्या पॅकेजला अखेर कोणता परवाना लागू झाला हे यंत्राने काढून देता येत नाही. चाचण्यांच्या फोल्डरात पडलेल्या एका फाइलीचा परवाना तयार पॅकेजमध्ये जात नाही, पण यादीत दिसतो. यंत्राला वाचता येईल असा नमुना आपण २०१२ मध्ये पक्का केला, तरी तो सक्तीचा नाही. हे सगळे मान्य करूनही दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली अशी की नवे पॅकेज भांडारात येताना आपले स्वयंसेवक परवान्यांची तपासणी आजही हातानेच करतात. म्हणजे सर्वांत कष्टाचे काम झालेले असते, आणि त्याचे फळ मात्र होय किंवा नाही एवढ्यावर थांबते. दुसरी अशी की फेडोराने हा प्रश्न सोडवला आहे: त्यांच्याकडील परवान्याचे क्षेत्र तयार पॅकेजमधील मजकुराबद्दल असते आणि ते पॅकेज करणारा भरतो. परवान्यांची संक्षिप्त नावे ज्यात येतात ते एसपीडीएक्स तर २०२१ पासून आयएसओचे मानकच झालेले आहे, तेव्हा नावांवरून वाद घालण्याची गरज उरलेली नाही.

सत्तर हजार पॅकेजांना एकदम हात घालावा असे मी म्हणत नाही. 'नॉन-फ्री', 'नॉन-फ्री-फर्मवेअर' आणि 'कॉन्ट्रिब' या तीन विभागांपासून आरंभ करावा. तेथे पॅकेजे त्या मानाने मोजकी आहेत आणि वापरकर्त्याचा प्रश्नही तेथेच तीव्र आहे. अनुक्रमणिकेत परवान्याच्या नावाचा एक रकाना यावा आणि त्याच्या जोडीला अटीचा प्रकार सांगणारा दुसरा यावा, म्हणजे बदल करण्यास मनाई, व्यापारी वापरास मनाई, करार मान्य करणे आवश्यक, न बदलता येणारे भाग असलेला दस्तऐवज, असे काही. 'मेन'मध्ये रकाना जसजसा भरला जाईल तसतसा भरावा. ज्याने फाइलमध्ये काहीच लिहिले नाही त्याचा संगणक आज वागतो तसाच वागावा.

आणि संमती पॅकेजला न जोडता परवान्याला जोडलेली असावी, याचा मात्र आग्रह आहे. गेल्या काही वर्षांत परवाने रातोरात बदलल्याचे आपण सर्वांनी पाहिले: मोंगोडीबी २०१८ मध्ये, इलास्टिकसर्च २०२१ मध्ये, टेराफॉर्म २०२३ मध्ये, रेडिस मार्च २०२४ मध्ये, आणि रेडिसने तर मे २०२५ मध्ये एजीपीएलचा पर्याय देऊन पुन्हा वळण घेतले. त्यांतल्या बऱ्याच गोष्टी लोक त्या त्या कंपनीच्या भांडारातून थेट घेतात आणि तेथे आपला पहारा नसतो. आवृत्ती वाढवताना परवाना बदललेला दिसला तर ॲप्टने ते पॅकेज रोखून धरावे. अवलंबित्व जुळले नाही तर रोखून धरलेल्या पॅकेजांची यादी ॲप्ट आजही दाखवतेच. त्या यादीत हे आणखी एक कारण जाईल.

आपण जे ठरवता ते आपल्यापुरते राहत नाही. उबुंटू ही प्रणाली आपल्यावर उभी आहे, आणि भारतात सी-डॅक या सरकारी संस्थेने तयार केलेली बॉस ही प्रणालीही. मुक्त स्रोताचा स्वीकार करण्याचे धोरण केंद्र सरकारने २०१५ मध्ये जाहीर केले. उद्या एखाद्या तहसील कार्यालयातील संगणकावर कोणता परवाना चालेल हे तेथील अधिकाऱ्याला लिहून ठेवायचे असेल, तर त्या रकान्याची सुरुवात आपल्या अनुक्रमणिकेतच व्हावी लागेल.

माझ्याकडून एक काम मी आजच अंगावर घेतो. इन्स्टॉलर मराठीत आहेच. परवान्यांच्या या गटांची नावे ठरली की प्रत्येकाचा दोन-तीन ओळींचा मराठी खुलासा लिहून देईन, आणि तो कायदेशीर मजकुराची जागा घेणार नाही हे त्यात स्पष्ट म्हणेन. अभ्यासिकेतील मुलांना वाचायला देऊन, त्यांना जे कळणार नाही ते पुन्हा लिहीन. डेबियन १४ ची गोठवण (प्रकाशनाआधी नवे बदल थांबवण्याचा टप्पा) सुरू होण्याआधी निदान रकान्याचा मसुदा चर्चेला यावा, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
डेबियनचा एक वापरकर्ता,
कोल्हापूर